डाव्या चाकाचा नट उलटा फिरतो!

जुन्या विलीज जीपचं डावं चाक काढायचं असेल, तर नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायचा. उजवीकडचे नट नेहमीसारखे, डावीकडचे उलट्या आट्यांचे! चाक पुढं धावताना नट आपसूक सैल होऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. ओळखायची खूण म्हणजे स्टडच्या टोकावर कोरलेलं इंग्रजी ‘एल’. आमच्या जीपवर ते अक्षर रंगाच्या चार थरांखाली गाडलं गेलं होतं. पंक्चरवाल्या पोरानं पान्याला लांब पाइप लावून जोर दिला, कट्‌कन आवाज आला आणि स्टड तुटला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्याच्या वेळी आमचे मिस्त्री धावत आले, त्यांनी पॉलिश पेपरनं टोक घासलं आणि अक्षर वर आलं. तेव्हापासून त्या टोकांवर मी दर दिवाळीला पांढऱ्या रंगाचा ठिपका देते.

ही जीप म्हणजे सीजे-३बी. आमच्या अण्णांनी लिलावात घेतलेली आणि पुढं बारा वर्षं गोठ्यामागं उभी राहिलेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीन वर्षं कामं करून घेतली आणि ती यंदा पुन्हा रस्त्यावर आली. चेसिस उघडी करून घासली, हौद्याचा कुजलेला पत्रा बदलला, इंजिन बोअर करून नवे पिस्टन घातले. आता घरात रोज एकच विषय निघतो : पुढं काय बसवायचं? दादाला विंच हवी. भाच्याला रुंद टायर आणि काचेच्या वर दिव्यांची रांग. वहिनीला पॉवर स्टिअरिंग. मिस्त्री सगळ्यांचं ऐकून घेतात आणि शेवटी मला म्हणतात, “ताई, गाडी पळतीया झ्याक. पण गगनबावड्याच्या उताराला थांबणार हाय का?”

म्हणून काही विकत घ्यायच्या आधी मी एक काम केलं. ही गाडी मुळात अशी का घडवली, ते शोधत बसले. एकेक गंमत हाती लागत गेली आणि घरातल्या यादीचा क्रम त्या गमतींनीच बदलला.

बोल्टसुद्धा छाटले होते

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्करानं १३५ कंपन्यांना पत्रं धाडली : चारही चाकांना जोर देणारी छोटी टेहळणी गाडी हवी आहे, नमुना ४९ दिवसांत आणा. वेळेत नमुना आणला तो पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या चिमुकल्या कंपनीनं. तिच्यासाठी कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानं आराखडा काढला होता. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडच्या कँप होलाबर्डच्या फाटकात शिरली, तेव्हा मुदत संपायला जेमतेम अर्धा तास उरला होता.

याच शर्यतीतल्या विलीज कंपनीची अडचण वेगळी होती. तिचं इंजिन सगळ्यांत ताकदवान, पण गाडी जड. लष्करानं वजनाची मर्यादा २,१६० पौंड, म्हणजे साधारण ९८० किलो ठरवली आणि विलीजचा नमुना तिच्या बराच पुढं गेलेला. मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी इंजिन सोडायला नकार दिला. त्याऐवजी अख्खी गाडी सुटी करून प्रत्येक भाग तोलला. बोल्टांची नटाबाहेर डोकावणारी लांबी छाटली. रंगाच्या थराचंही वजन धरलं. असं ग्रॅम ग्रॅम वाचवत गाडी मर्यादेत बसवली.

हे वाचलं आणि दादाच्या विंचकडं मी नव्यानं बघायला लागले. विंच, तिचा जाडजूड बंपर आणि तार मिळून सहज साठ-सत्तर किलो होतात आणि ते सगळं वजन पुढच्या पाट्यांच्याही पुढं लटकतं. लष्करी जीपची वाहायची क्षमता होती ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६० किलो. चार धडधाकट माणसं बसली की त्यातला बहुतेक वाटा संपतो. पुढं एक किलो चढवायचा तर ब्रेक, पाटे आणि स्टिअरिंग या तिघांना विचारूनच चढवला पाहिजे, असं मी आता मानते.

पहिले बदल सैनिकांनी केले

जीपवर बदल करायची हौस आपल्या पिढीची, असं मला वाटायचं. ती तर गाडीइतकीच जुनी निघाली!

१९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या एसएएस तुकडीनं जीपच्या ग्रिलचे बहुतेक गज कापून टाकले. कारण एकच, रेडिएटरला वारा मिळावा. पुढची काच काढली. रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून पुढं एक डबा बांधला आणि त्यात नळी सोडली. वाफ डब्यात थंड व्हायची आणि तेच पाणी रेडिएटरला पुन्हा मिळायचं. जुलै १९४२ मध्ये सिदी हनेश इथल्या शत्रूच्या विमानतळावर अशा १८ जीप रात्रीच्या चालून गेल्या. आज जवळपास प्रत्येक मोटारीच्या रेडिएटरला नळीनं जोडलेली प्लॅस्टिकची बाटली असते, तिचं कामही तेच. आमच्या सीजेला ती नव्हती. कूलंट तापून वरच्या नळीतून रस्त्यावर सांडायचं. भंगारातल्या मोटारीची बाटली आणून जोडली आणि सांडणं थांबलं. आजवरचा आमचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत समाधान देणारा बदल हाच.

युरोपात दुसरीच अडचण आली. माघार घेणारं जर्मन सैन्य रस्त्याच्या आडवी, मानेच्या उंचीवर तार ताणून ठेवायचं. काच पाडून जीपमध्ये बसलेल्यांच्या जिवावरच बेतायचं. सैनिकांनी पुढच्या बंपरवर लोखंडी अँगल उभा वेल्ड केला आणि त्याच्या टोकाशी खाच ठेवली. तार त्या खाचेत अडकून तुटायची. जुन्या युद्धपटांत जीपच्या नाकावर दिसणारा तो उंच दांडा म्हणजे हाच.

आणि ब्रह्मदेशात तर जीप रुळांवर धावली! १९४४ मध्ये म्यितक्यिनाच्या आसपास रेल्वेची इंजिनं मोडलेली होती, रूळ मात्र शाबूत होते. जीपला रेल्वेची चाकं बसवली आणि तिच्यामागं मालाचे डबे जोडले. साठ हॉर्सपॉवरची गाडी आगगाडी ओढू लागली.

मूळ लष्करी गाडीतल्या सोयीही कमी गमतीच्या नाहीत. तिचे हेडलाइट बिजागरीवर होते. उलटे फिरवले की उजेड थेट इंजिनावर पडायचा. रात्री अंधारात प्लग बदलायला याहून चांगला दिवा कुठला? पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली. पेट्रोल भरायचं तर चालकानं उठायचं आणि गादी उचलायची. दाराच्या जागी कापडी पट्टा, वळणावर माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून. वायपर हातानं हलवायचा. फोर्डनं बनवलेल्या जीपच्या बोल्टांवर इंग्रजी ‘एफ’ उमटवलेला असायचा. आज जगभरचे हौशी लोक भंगाराच्या ढिगात ते ‘एफ’वाले बोल्ट हुडकत बसतात. फोर्डच्या गाडीचं नाव जीपीडब्ल्यू. त्यात जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेस आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचा आराखडा. विलीज आणि फोर्ड मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या.

बोनेट एवढं उंच का?

सीजे-३बी बघितली की पहिल्यांदा नजरेत भरतं ते तिचं उंच बोनेट. चाकांवरचे मडगार्ड सपाट, खाली आणि मधेच हा डबा. कारण आत आहे. युद्धातल्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, बाजूला होते. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि धूर सोडणारे खालीच राहिले. ताकद साठ हॉर्सपॉवरवरून सत्तरच्या घरात गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना. मग बोनेटच उचललं. अमेरिकेत ही गाडी १९५३ ते १९६८ एवढीच वर्षं बनली. आपल्याकडं मात्र त्यानंतरही खूप वर्षं बनत राहिली, आणि म्हणूनच तिचे सुटे भाग आजही उद्यमनगरात नाव घेतल्याबरोबर हातात पडतात.

जीपचा भारतातला जन्म मुंबईचा. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर ‘महिंद्र अँड मोहम्मद’ काढली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. माझगावात सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात झाली ती १९४९ मध्ये. मग ही गाडी तहसीलदाराची झाली, धरणावरच्या इंजिनिअरची झाली, निवडणुकीतल्या भोंग्याची झाली आणि आमच्या भागात माणसं भरून नेणारी ‘वडाप’ झाली. वडापच्या जीपमध्ये मागं उभं राहून, छताचा गज धरून शाळेला गेलेली माझ्या वयाची माणसं गावोगाव भेटतील.

थांबायचं कसं?

मिस्त्रींच्या प्रश्नाकडं येते.

सीजेचे मूळ ब्रेक म्हणजे नऊ इंचांचे ड्रम आणि पावणेदोन इंच रुंदीचे लायनर. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, तळाच्या पत्र्याखाली. ब्रेक ऑइल बघायचं तर पायाजवळचं छोटं झाकण उचलायचं आणि अंधारात बोट घालून पातळी चाचपायची. तिथं धूळ असते, शेण असतं, पावसाळ्यात चिखल असतो. झाकण उघडताना त्यातला एक कण आत पडला तरी रबराचा वॉशर खराब व्हायला पुरे.

खरी भीती त्याहून मोठी आहे. या सिलिंडरात एकच कप्पा असतो. चार चाकांपैकी कुठल्याही एका चाकाची नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मग उरतो हँडब्रेक. हा हँडब्रेक चाकांवर नसतोच मुळी! तो ट्रान्सफर केसच्या मागं, प्रोपेलर शाफ्टवर आवळतो. त्यामुळं एक विचित्र गोष्ट घडते. गाडी मागच्या दोन चाकांवरच चालू असेल आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं, तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घसरू शकते. शाफ्ट जखडलेला असतो, पण डिफरन्शियलमुळं उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं. जीपचं मागचं चाक बदलताना समोरच्या चाकाला दगड लावायला अण्णा कधीच विसरायचे नाहीत. त्यामागचं हे कारण मला चाळिशीत कळलं.

म्हणून आमच्या यादीत पहिला नंबर लागला दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरचा. पुढची दोन चाकं एका कप्प्यावर, मागची दोन दुसऱ्यावर. एक गेला तरी दुसरा थांबवतो. त्याच्याबरोबर अकरा इंचांचे, दोन इंच रुंद ड्रम. घासणारी जागा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते.

डिस्क का नको? भाच्याचा हा सवाल रास्त आहे. ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी साठतं आणि पुढचे काही ब्रेक नुसते हवेत जातात. डिस्क उघडी असते, पाणी झटकन उडवते. पण डिस्कला पेडलवर जास्त जोर लागतो, म्हणून बूस्टर लागतो, आणि बूस्टर ठेवायला या गाडीत सरळ जागा नाही. पत्रा कापावा लागतो. आम्हाला पत्रा कापायचा नाही. ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलका दाबून शंभर पावलं जायचं, ड्रम सुकवायचा आणि मग वेग धरायचा, ही जुनी सवय पुन्हा लावून घेतली आहे.

सहा सांधे आणि एक खिळी

वहिनीच्या पॉवर स्टिअरिंगची गोष्ट.

जुन्या जीपचं स्टिअरिंग चालवताना चाक हातात इकडून तिकडं दोन-तीन इंच मोकळं फिरतं. लोक म्हणतात, जीप आहे, असंच असतं. असं नसतं. स्टिअरिंग बॉक्समधून निघालेला दांडा समोरच्या आडव्या पट्टीवरच्या बेलक्रँकला जातो. हा बेलक्रँक म्हणजे एका खिळीवर फिरणारा लोखंडी कोपरा. तिथून दोन दांडे दोन चाकांना जातात. म्हणजे सहा सांधे आणि एक खिळी. प्रत्येकात थोडी थोडी ढिलाई आली, की सगळी मिळून तुमच्या हातात येते. त्यात किंगपिनची बेअरिंग सैल असली तर साठच्या वेगाला पुढची चाकं थरथरायला लागतात.

मिस्त्रींनी एक साधी चाचणी करून दाखवली. मला चालकाच्या जागी बसवलं आणि चाक हळूहळू डावी-उजवीकडं हलवायला सांगितलं. स्वतः खाली झोपून त्यांनी एकेका सांध्यावर बोट ठेवलं. ज्या सांध्यात बोटाला टिकटिक लागली, तिथं खडूनं फुली. सातपैकी चार ठिकाणी फुल्या पडल्या. सर्वांत मोठी ढिलाई बेलक्रँकच्या खिळीत निघाली. लेथवर नवीन खिळी आणि ब्राँझचा बुश करून बसवला, सांधे बदलले, ग्रीस भरलं. आता चाक एक बोटही मोकळं फिरत नाही. वहिनीनं चालवून बघितलं आणि पॉवर स्टिअरिंगचा विषय तिनंच मिटवला. या गाडीला मूळचे ६.००-१६ चे अरुंद टायर आहेत. स्टिअरिंग जड वाटायला रुंद टायर आधी लागतात.

मुंगीच्या चालीचा हिशेब

जीपच्या ताकदीबद्दल लोक हॉर्सपॉवर विचारतात. माझ्या मते विचारायला हवे ते दात्यांचे आकडे. पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, ॲक्सलचा क्राउन-पिनियन ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिन नुसतं ६०० फेऱ्यांवर गुरगुरत असताना ही गाडी ताशी सव्वादोन किलोमीटरनं सरकते. रमतगमत चालणारा माणूस तिच्या पुढं निघून जाईल. दगडांच्या वाटेवर यापेक्षा हळू जायची गरज मला तरी पडलेली नाही. त्यामुळं ‘ऑफ रोडसाठी गिअर बदला’ हा सल्ला आम्ही बाजूला ठेवला.

अडचण उलट्या टोकाला आहे. याच ५.३८ मुळं डांबरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३,१०० च्या आसपास फेरे मारतं. कानात दडे बसतात. त्यावरचा उपाय आला तो चक्क एका शेतीच्या भोकातून!

युद्ध संपल्यावर विलीजनं ही गाडी शेतकऱ्याला विकायचं ठरवलं. सीजे या नावातच ‘नागरी जीप’ हा अर्थ आहे. १९४५ च्या सीजे-२ए ला नांगर जोडता यायचा, पट्टा लावून मळणी करता यायची. त्यासाठी ट्रान्सफर केसच्या पाठीमागं झाकण लावलेलं एक तोंड ठेवलं होतं. त्यातून इंजिनाची ताकद मागं काढून घ्यायची, ट्रॅक्टरच्या पीटीओसारखी. नांगर गेला, तोंड राहिलं. पुढं कोणाच्या तरी डोक्यात आलं की याच तोंडातून गिअरची एक जास्तीची जोडी आत सरकवता येईल. तीच ओव्हरड्राइव्ह. फेरे २५ टक्क्यांनी उतरतात. ३,१०० चे २,३२५ होतात. शिवाय प्रत्येक गिअरचे दोन गिअर झाल्यानं तीनाचे सहा होतात. एक पत्रा कापायचा नाही, एक भोक पाडायचं नाही आणि नको वाटलं तर काढून जुनं झाकण लावायचं. मला या गाडीसाठी सुचवलेल्या बदलांत सर्वांत देखणा वाटतो तो हाच. किंमत आत्ता झेपत नाही. पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.

याच कुळातला दुसरा शोध फ्री-व्हीलिंग हबचा. लष्करी जीप दोन चाकांवर चालवली तरी पुढचे ॲक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट चाकांबरोबर फुकट फिरत राहायचे. पेट्रोल जायचं, दाते झिजायचे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आर्थर वॉर्न यांनी युद्धातून उरलेल्या जीपसाठी असे हब बनवले, की हातानं चावी फिरवली की चाक ॲक्सलपासून सुटं. त्यांच्याच कंपनीनं १९५९ मध्ये विजेवर चालणारी विंच आणली. हबचा एक नियम मात्र पाळायचा : चिखल दिसल्यावर, चिखलात शिरायच्या आधी उतरून चावी फिरवायची. अडकल्यावर गुडघाभर राडीत हात घालून ती फिरवताना किती त्रास होतो, ते मी एकदा अनुभवलं आहे.

टायर, दिवे, विंच

भाच्याला ३१ इंची रुंद टायर हवेत. चिखलात मात्र अरुंद टायर खाली रुतून घट्ट जमीन पकडतो. रुंद टायर वर तरंगतो. वाळूत तरंगणं चांगलं, आमच्या भागातल्या लाल मातीच्या राडीत रुतणं चांगलं. शिवाय रुंद टायर वळताना पाट्यांना घासतो. उत्तर मिळालं, विषय संपला.

दिव्यांचं तसं नाही. सुरुवातीच्या जीप सहा व्होल्टच्या. तेवढ्याच उजेडाला बारा व्होल्टच्या दुप्पट अँपिअर लागतात आणि गंजलेल्या प्रत्येक जोडावर थोडा थोडा उजेड गळतो. आमचा बारा व्होल्टचा बदल अण्णांनीच कधीतरी करून घेतला होता, पण डायनॅमो जुनाच. डायनॅमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही, म्हणून घाटात हळू गेलं की दिवे मंद व्हायचे. अल्टरनेटर बसवला, दोन्ही हेडलाइटना रिले आणि जाड तार दिली आणि चेसिसला चांगली अर्थ दिली. दिव्यांची रांग न लावता रस्ता दिसायला लागला.

वायपरची गोष्ट पावसाळ्यातल्या आंबोलीत कळते. जुन्या सीजेचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्युम पडतो आणि वायपर काचेच्या मधोमध थांबतो. चढावर, धुक्यात, धो धो पावसात, म्हणजे नेमका नको तेव्हा! मोटरचा वायपर हा शोभेचा नव्हे, जीव वाचवणारा बदल आहे. तो झालाच.

विंचसाठी दादाला आकडा दाखवला. आठ हजार पौंडांची विंच पूर्ण भाराखाली ४०० अँपिअरच्या आसपास खेचते. आधी बॅटरी, मग तारा, मग पाटे, मग ब्रेक. एवढं झाल्यावर विंच. दादानं ते वहीत स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आहे. तोवर गाडीत फावडं आणि कुऱ्हाड असते. लष्करी जीपच्या बाजूला हीच दोन हत्यारं पट्ट्यानं बांधलेली असायची.

उसाचं पेट्रोल

हा बदल कोणाच्याच यादीत नव्हता. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आमच्या जिल्ह्यात तर ते कुठून येतं हे उसाच्या बैलगाड्या बघून मोठं झालेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. सीजेचा पेट्रोल पंप यांत्रिक, त्यात रबरी पडदा. आमचा पडदा एका उन्हाळ्यात लिबलिबीत झाला आणि गाडी गरम झाली की बंद पडायला लागली. आठवडाभर कॉइल, कंडेन्सर, प्लग बदलून झाले. दोष निघाला पडद्यात. इथेनॉल सोसणारा पडदा, तशाच नळ्या आणि टाकीनंतर पारदर्शक फिल्टर. आता फिल्टरकडं नजर टाकली की टाकीच्या पोटात काय चाललंय ते कळतं.

दोन अक्षरांची किंमत

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मग तिला नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार. मात्र अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणायची. दुसरा मार्ग साध्या नोंदणीचा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. त्यातही मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. बंपरवरच्या लोखंडी गार्डवर तर २०१७ पासूनच बंदी आहे.

महाराष्ट्रात शेकडो जुन्या सीजेंच्या पोटात ट्रॅक्टरचं किंवा दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलेलं आहे. पेट्रोल महाग होतं, माणसांना पोट भरायचं होतं, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण ती गाडी ‘व्हीए’ च्या रांगेत उभी राहू शकत नाही. आमचं इंजिन मूळचं आहे. अण्णांनी कितीही अडचण आली तरी ते विकलं नाही. म्हणून आमच्या घरी आता एकच नियम : जे काढून ठेवलं ते पुन्हा बसवता आलं पाहिजे. नवं काही बसवायचं ते जुन्याच भोकांत. वेल्डिंग नाही, कापाकापी नाही.

गेल्या शनिवारी मिस्त्रींनी पायाजवळचं झाकण उचललं, एकाच कप्प्याचा जुना मास्टर सिलिंडर काढला आणि दोन कप्प्यांचा बसवला. ब्रेकची हवा काढायला वहिनी पेडलवर बसली. “दाबा... धरा... सोडा,” असं तासभर चाललं. जुना सिलिंडर मी रॉकेलनं धुतला, ऑइल लावलं, फडक्यात गुंडाळला आणि त्यावर तारीख, किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बांधली. तो आता अण्णांच्या कपाटात, त्यांच्या परवान्याशेजारी आहे. येत्या रविवारी पहाटे गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा, लो गिअरमध्ये, सव्वादोनच्या चालीनं सुरुवात करून. मिस्त्री म्हणालेत, पुढच्या सीटवर तेच बसणार.